आला की बघू म्हणता, पण मुदत थांबते का?



जुन्नर असो, मंचर असो की घोडेगाव, आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं : ‘‘पैसे घेऊन तो दुबईला गेला. आला की बघू.’’ मला आज या ‘आला की बघू’बद्दल बोलायचं आहे.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे हातउसने दिलेल्या पैशांचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. त्यानंतर केलेला दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो, समोरच्यानं हरकत घेतली नाही तरीसुद्धा.

मग माणूसच परदेशात असेल तर? त्यासाठी कलम १५(५) आहे. प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर होता, तितका काळ दाव्याच्या मुदतीत मोजत नाहीत. समजा, १० जून २०२२ ला पैसे दिले. एरवी मुदत १० जून २०२५ ला संपली असती. पण घेणारा मधली पूर्ण दोन वर्षं सौदीत होता, तर ती १० जून २०२७ पर्यंत जाते. मेहेरच्या वसुलीचा दिवाणी दावा असला तरी ही सूट लागू होते.

पण नीट ऐका. तो फोन बंद करून मुंबईत किंवा भिवंडीत राहत असेल, तर ही सूट नाही. पत्ता सापडत नाही म्हणून मुदत थांबत नाही. आणि परदेशी असल्याचं दाव्यात लिहावं लागतं, सिद्धही आपल्यालाच करावं लागतं. पासपोर्ट त्याच्याकडे असतो. म्हणून तो कधी गेला, कधी आला, तिकडून पैसे कधी पाठवले, याची नोंद आजपासून ठेवा.

खरं तर त्याच्या येण्याची वाट बघायची गरजच नाही. व्यवहार जुन्नरला झाला तर दावा जुन्नरच्या कोर्टात, आंबेगाव तालुक्यात झाला तर घोडेगावला. तो समन्स चुकवतोय अशी कोर्टाची खात्री पटली, तर समन्स त्याच्या शेवटच्या घरावर चिकटवता येतं, वर्तमानपत्रातही देता येतं. तरीही तो आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. हुकूमनामा मिळाला की पैशांच्या वसुलीसाठी बारा वर्षं मिळतात. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथं महिलांना उत्पन्नाची अट नाही.

तुमच्यातले काही जण उद्या स्वतःच आखातात जातील, डोक्यावर कर्ज घेऊन. त्यांना एकच सांगणं. निघण्याआधी ‘इतके पैसे देणं आहे’ असं लिहून, तारीख घालून सही करून द्या. मुदत संपण्याआधी दिलेल्या अशा कबुलीनं, त्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू होते. देणाऱ्याला घाईनं कोर्टात जावं लागत नाही, आणि मागे राहिलेल्या तुमच्या अम्मी-अब्बांना गल्लीत मान खाली घालावी लागत नाही.