आईची बोटं
(गणेशोत्सवातील भाषण)



"पोरी, समाजकार्य शिकलीस, मग आता डिझाईनच्या कंपनीत काय करतेस?" असं गल्लीत सगळे विचारतात. डिझाईन म्हटलं की आपल्याला साडीचे काठ आठवतात. माझं काम वेगळं आहे. एखादं यंत्र, अर्ज किंवा मोबाईलवरची सोय तयार होण्याआधी ती वापरणाऱ्या माणसांकडे जायचं, बसायचं, बघायचं, ऐकायचं.

एमएसडब्ल्यू झाल्यावर सात वर्षं मी विडी कामगार बायकांमध्ये काम केलं. सुरुवातीला छापील प्रश्नावली घेऊन जायची. त्रास काय होतो विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "काही नाही बाई, चाललंय." एके दिवशी एका मावशींनी सूपच माझ्या मांडीवर ठेवलं. "आधी वळून बघ." पान कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून माझी एक विडी होईपर्यंत त्यांच्या दहा झाल्या. मजुरी मिळते हजार विड्यांवर! तासाभरात माझी पाठ भरून आली, आणि मग कुठे मावशी मोकळेपणानं बोलायला लागल्या.

पुढे नोकरी बदलली. बोटाच्या ठशावर पैसे देणारं यंत्र तपासायचं होतं. काही बायकांचा ठसा जुळेना. त्या हात हलवत परत जायच्या. अहवालात मीच लिहिलं, 'वापरणाऱ्यांना प्रशिक्षण हवं.'

सुट्टीत घरी आले. आईनं भाकरी वाढली आणि तिची बोटं दिसली. वर्षानुवर्षं पानं वळून गुळगुळीत झालेली. चूक बायकांची नव्हतीच. ज्यांच्या अंगणात सात वर्षं बसले, त्यांचे हात मी विसरले होते! अहवाल पुन्हा लिहिला : ठसा जुळला नाही तर पैसे मिळण्याचा दुसरा मार्ग ठेवा. निम्म्या सूचना मान्य झाल्या. उरलेल्यांसाठी अजून भांडते आहे.

हे काम परदेशातून आलं असं समजू नका. १९८२ साली दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटानं आपल्या निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांवर माहितीपट केला. आधी त्यांची हकीकत ऐकली, मग कॅमेरा लावला.

इथल्या मुला-मुलींना एवढंच सांगते. हे शिक्षण जरूर घ्या. पण पहिला धडा घरातच आहे. आज रात्री आईचे हात हातात घेऊन नीट बघा.

गणपती बाप्पा मोरया!