दिवा एकीकडे, धूर दुसरीकडे

दिव्याचे बटण दाबले की खोलीत उजेड पडतो. तो उजेड किती दुरून आला असेल, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. विजेला रंग नाही, वास नाही आणि गावही नाही. परंतु एका प्रदेशाची हवा निर्मळ आणि दुसऱ्याची मलिन का, असा विचार सुरू झाला की ह्या साध्या बटणापाशीच येऊन थांबावे लागते.

गोव्याचे उदाहरण घ्यावे. गोव्यात कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र नाही. तेथील घरांत आणि हॉटेलांत वापरल्या जाणाऱ्या विजेचा मोठा भाग छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा दूरच्या केंद्रांतून येतो. दिल्लीचेही तसेच आहे. बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले आणि राजधानीच्या हद्दीत कोळशावर वीज निर्माण करणारे केंद्र उरले नाही. राजधानीची विजेची भूक मात्र त्यामुळे कमी झाली नाही. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, जेथे धुराडे उभे आहे त्या जागेच्या नावे मांडला जातो. जेथे दिवा जळतो त्या जागेच्या नावे नव्हे. म्हणून निरनिराळ्या प्रदेशांच्या उत्सर्जनाचे आकडे वाचताना सावधगिरी हवी. निसर्गाने कोणाच्या पदरात काय टाकले, हे त्या आकड्यांवरून कळते. कोण काटकसरी आणि कोण उधळ्या, हे कळत नाही.

निसर्गाची ही वाटणी फार विषम आहे. देशातील कोळसा मुख्यतः झारखंड, ओडिशा, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश ह्या पट्ट्यात आहे. त्याचेच काही फाटे तेलंगणात गोदावरीच्या आणि विदर्भात वर्धेच्या खोऱ्यात उतरले आहेत. हिमाचल आणि सिक्कीम यांना उतारावरून धावणाऱ्या नद्या मिळाल्या, केरळला इडुक्कीचे पाणी मिळाले, तामिळनाडूला मुप्पंदलच्या खिंडीतला वारा मिळाला आणि राजस्थानला ऊन. भारतीय कोळशात सुमारे एक तृतीयांश, कधी त्याहूनही अधिक, राख असते. शंभर वाघिणी कोळसा दूर नेला, तर त्यांतील तीसांहून अधिक वाघिणी केवळ राख वाहत असतात. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच केंद्र उभारावे आणि तारांवरून वीज न्यावी, हा हिशेब सरळ होता. १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाने तो मान्य केला आणि १९८२ साली सिंगरौलीचा पहिला संच सुरू झाला. त्याच सिंगरौली भागात १९६२ साली रिहंद धरण पुरे झाले होते. त्या धरणाच्या पाण्यामुळे उठलेल्या कित्येक कुटुंबांना पुढे खाणींसाठी आणि केंद्रांसाठी पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाच्या बळावर फिरू लागल्या. त्या विजेला धूर नव्हता. पण ती फुकटही नव्हती. पुढच्या एका धरणासाठी मावळातील भातशेते बुडणार असे दिसताच १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. वीज मुंबईची आणि जमीन मुळशीची, असा तो वाद होता. शंभर वर्षांनंतर त्यातील केवळ गावांची नावे बदलली आहेत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. चंद्रपूरपासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब वाहिनी १९९९ साली सुरू झाली. मुंबईच्या परिसरात ट्रॉम्बे आणि डहाणू येथे कोळशाची केंद्रे आहेत, हे खरे. पण राज्याच्या पश्चिमेकडील उजेडाचा मोठा भार विदर्भाने उचलला आहे, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कर्बवायूला जिल्ह्याची सीमा नाही. तो चंद्रपुरात सुटला काय आणि कोरब्यात सुटला काय, सर्व पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि त्याचे फळ सर्वांनाच भोगावे लागते. राखेचे तसे नाही. राख जवळच्या विहिरीत, शेतात आणि छातीत उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत सिंगरौली आणि चंद्रपूर ही दोन्ही नावे होती. तेव्हा अपराध वाटून घेतला जातो. शिक्षा मात्र जवळच्याला अधिक होते.

ह्यावर कोणी म्हणेल, की ग्राहक विजेचे पैसे मोजतोच. खाणींच्या प्रदेशाला रोजगार मिळाला, राज्याला स्वामित्वधन मिळाले, मग तक्रार कसली? ह्या युक्तिवादात तथ्य आहे. कोळशाच्या किंमतीवर १४ टक्के स्वामित्वधन राज्यांना मिळते, आणि २०१५ सालच्या कायद्यातील दुरुस्तीनंतर खाणींच्या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र खनिज निधीही निर्माण झाला. परंतु विजेचे पारडे निराळे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ५३ वी नोंद राज्यांना विजेच्या वापरावर आणि विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार देते. निर्मितीचा उल्लेख तीत नाही. साहजिकच कराचा पैसा उजेडाच्या बाजूला जमा होतो. जलविद्युत् प्रकल्प ज्या राज्यात असेल त्या राज्याला केंद्रीय प्रकल्पातील १२ टक्के वीज मोफत मिळते. केंद्रीय औष्णिक प्रकल्पातही यजमान राज्यासाठी १० टक्के वीज राखून ठेवलेली असते. पण ती विकत घ्यावी लागते. नदीचे पाणी देणाऱ्याला जो मान आहे, तो राख झेलणाऱ्याला नाही. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा अधिभार बसविण्यात आला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्या अधिभाराची जागा राज्यांच्या महसुली भरपाईसाठीच्या अधिभाराने घेतली. धुराच्या नावाने गोळा होणारा पैसा धुराचे निवारण सोडून दुसऱ्या कामाला लागला.

आता नकाशा पुन्हा बदलत आहे. राजस्थानातील भडला येथे २,२४५ मेगावॉटचे आणि कर्नाटकातील पावगडा येथे २,०५० मेगावॉटचे सौर प्रकल्पक्षेत्र उभे राहिले आहे. २०२५ साली देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा कोळसा, तेल आणि वायू यांखेरीज अन्य साधनांचा झाला, जरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचाच हिस्सा फार मोठा राहिला. भारताने २०७० साल हे शून्य निव्वळ उत्सर्जनाचे ध्येय म्हणून जाहीर केले आहे. ही वाट योग्यच आहे. परंतु ऊन आणि वारा पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे अधिक; कोळसा पूर्वेकडे आणि मध्य भागात. धुराडी जसजशी विझतील, तसतसा ज्या जिल्ह्यांनी धूर सोसला त्यांचाच रोजगार जाईल. पावगड्यात शेतकऱ्यांच्या जमिनी खरेदी न करता भाड्याने घेतल्या गेल्या आणि मालकाला वर्षाचे भाडे मिळू लागले. मुळशीला आणि सिंगरौलीला जे सुचले नाही, ते तेथे सुचले. धूर बंद होताना कोरब्याला आणि चंद्रपूरला काय द्यावयाचे, ह्याचाही विचार तितक्याच व्यवहारी बुद्धीने व्हावयास हवा, आणि तो भट्ट्या विझण्यापूर्वी.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. त्या दिवसापासून सर्व देशाची वीज एका तालावर चालते. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे तिच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू सुटतो. महिन्याला २०० युनिटे वापरणारे घर पणजीत असो, पुण्यात असो की दिल्लीत, त्याच्या वाट्याला महिन्याकाठी सुमारे १४० किलो कर्बवायू येतो. विजेच्या बिलावर हा आकडा छापलेला नसतो. तो दूरच्या कोणत्या तरी जिल्ह्याच्या खात्यावर लिहिलेला असतो.