पाण्याला आलेली बाई

श्रद्धेनं मन शांत होतं, असं सांगणारी भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. मी आज मानेच्या दुखण्यापासून सुरुवात करणार आहे.

मी वसईची. घरामागे विहीर, वाडीला लागून बावखल, म्हणजे छोटं तळं. पाण्याची काळजी करायची असते हेच ठाऊक नव्हतं. नोकरीनिमित्त मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात आले, आणि मे महिन्यात नळाला नुसती हवा यायला लागली. मग शेजारच्या मावशींच्या मागोमाग विहिरीवर. टँकर येतो, पाणी विहिरीत सोडतो आणि काठावरच्या साऱ्या बाया एकदम पोहरे टाकतात. दोर गुंततात, पाणी ढवळून गढूळ होतं. ते फडक्यातून गाळून हंडा भरायचा. "बाई, चुंबळ नीट बसव, मान नाय दुखायची," मावशी म्हणाल्या. तरी दुखलीच.

त्या दिवसांत योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचनात आला. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाई पाण्याला येते. प्रवासानं दमलेला येशू तिथं बसलाय. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, मग जिवंत पाण्याविषयी बोलू लागतो. ती लगेच ते पाणी मागते. पुन्हा तहान लागायला नको आणि विहिरीची खेपही नको. लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आले की, बिचारीला बोलण्यातला खोल अर्थ उमगला नाही. प्रवचन करणाऱ्यांपैकी कुणी डोक्यावर हंडा घेतला होता की नाही, देव जाणे! मला वाटतं, तिला जिथं दुखत होतं तिथूनच ती बोलली, आणि येशूनं त्याबद्दल तिला बोल लावला नाही. पुढे ती घागर तिथंच टाकून गावात सांगायला जाते. भरउन्हाळ्यात भांडं विहिरीवर टाकून जाणं ही केवढी गोष्ट आहे, ते खोडाळ्यातल्या बायांना विचारा.

इथं पाऊस थोडाथोडका नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण कातळावरून, डोंगरउतारावरून तो वाहून जातो. याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ, वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभं आहे. दिवसाला सुमारे 455 दशलक्ष लिटर पाणी मुंबईला पुरवण्यासाठी ते बांधलं. धरणाच्या तालुक्यात टँकर फिरतो. अशा ठिकाणी 'उद्याची चिंता करू नका' एवढंच सांगून निघून जाणं मला उद्धटपणाचं वाटतं.

पंडिता रमाबाईंनी तसं केलं नाही. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. त्यांना प्रार्थना शिकवली, आणि तिथल्याच माळावर विहिरीही खणून घेतल्या. बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या या बाईला आधी मुलींच्या पोटाची आणि पाण्याची सोय बघावी लागली. माझ्या लेखी हा त्यांच्या भक्तीचाच भाग होता.

मीही रोज प्रार्थना करते. तिनं झोप बरी लागते, चिडचिड कमी होते. ते खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण मावशींच्या मानेला त्याचा उपयोग शून्य. खेप कमी झाली तरच ती मान सुटेल.

फादर आणि पाळक मंडळींना म्हणून एक विनंती. पुढच्या खेपेला योहानाच्या या अध्यायावर बोलाल तेव्हा त्या शोमरोनी बाईला अडाणी ठरवू नका. आणि मुंबई-वसईच्या मंडळींनो, पावसाआधी पाड्यांवरच्या विहिरींचा गाळ काढायला माणसं कमी पडतात. कसाऱ्यापर्यंत लोकल येते, पुढे रस्ता थेट खोडाळ्याला जातो. निघण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या, आणि पाणी आपलं आपण बरोबर आणा.