आधी अट, मग काटछाट

जबलपूरहून बोलतोय. वही-पेन्सिल घ्या आणि हे समीकरण उतरवा:

(क्ष² − ९) / (क्ष² − ५क्ष + ६) = ६

अवयव पाडू. अंश (क्ष − ३)(क्ष + ३), छेद (क्ष − ३)(क्ष − २). (क्ष − ३) वर-खाली काटला की उरतं (क्ष + ३) / (क्ष − २) = ६. म्हणजे क्ष + ३ = ६क्ष − १२, आणि क्ष = ३.

आता ताळा करा, पण मूळ समीकरणात. ३ ठेवले की वर शून्य, खालीही शून्य. शून्याने भागता येत नाही. म्हणजे या समीकरणाला उकलच नाही!

काटणं म्हणजे (क्ष − ३) ने भागणं. तो शून्य नसेल तरच ते चालतं. काटल्यावर छेदात २ ची अट दिसते, ३ ची खूण मात्र पुसली जाते. म्हणून मूळ छेद पाहून आधीच लिहा: क्ष ≠ २, क्ष ≠ ३. फौजेत सुरुंगक्षेत्र आधी नकाशावर आखतात, मग चाल ठरते. तसंच हे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) असंच एक गणित आहे. एक संख्या शून्याने गुणा, तिचं निम्मं मिळवा, तिपटीने वाढवा, शून्याने भागा, ६३ येतात. शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागायचं असेल तर संख्या तशीच ठेवा, असा त्यांचा नियम. उत्तर १४. आज आपण तिथे ‘शून्य नसेल तर’ ही अट घालतो.

आता तुम्ही करा: (क्ष² − ४) / (क्ष² + क्ष − ६). अटी दोन आहेत. दोन्ही आधी लिहा.