आधी पाठ पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. पण माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून चार शब्द बोलते.

मागल्या वर्षी सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्या अकरा दिवस एका नर्सिंग होममध्ये होत्या. मी रोज डबा घेऊन जाई, त्यांची वेणी घाली, पाय चेपी. लादी लख्ख होती, नोंदणीचा दाखला चौकटीत लावलेला होता. मला वाटे, सारे ठीक आहे. घरी आणून अंग पुसायला घेतले, तो माकडहाडावर रुपयाएवढी काळी जखम! सासूबाई म्हणाल्या, "दुखत होतं गं, पण दाखवायची लाज वाटली." ती भरायला चार महिने लागले. तिथे कोणी त्यांची कूस बदलली नाही, हे खरे. पण अकरा दिवसांत मी एकदाही त्यांची पाठ पाहिली नाही, हेही तितकेच खरे.

हेच शय्याव्रण, म्हणजे आपण बेडसोअर म्हणतो ते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांतच आतले मांस मरू लागते.

मग हे टळत नाही का? आपल्या परळच्या केईएम रुग्णालयाकडे पाहा. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्या वारल्या. इतकी वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी त्यांना कधी हिंडता-फिरताना पाहिले नव्हते, त्यांनीसुद्धा. 2011 साली सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले. अंगावर शय्याव्रण नव्हता, जुन्या व्रणाची खूणही नव्हती. तपासणी म्हणतात ती ही! त्यांनी नुसते कागद पाहिले नाहीत, कातडी पाहिली.

आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली होते. मुंबईत ते काम महानगरपालिकेचे. तिच्या अधिकाऱ्याला आत जाऊन पाहणी करता येते. 2021 च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावावी लागते. ती वाचा. हयगय दिसली तर महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करा, भिऊ नका. पण अधिकारी येणार कधीतरी, आणि कूस बदलायची दर दोन तासांनी. रोजची नजर आपलीच हवी.

आता काय करायचे ते सांगते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, खांद्याची हाडे आणि कानाची पाळी रोज पाहा. लाल डागावर बोट दाबून सोडा. लाली जराही हटली नाही, तर लगेच नर्सला दाखवा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा टणक लागते. कूस बदलताना माणसाला ओढू नका, उचला. गुडघ्यांमध्ये उशी द्या. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. ओली चादर तत्काळ बदला, चुण्या काढा. लाल जागा चोळू नका, स्पिरिट लावू नका, भोकाची रबरी उशीही नको. हवेची गादी आणली तरी कूस बदलणे सुटत नाही. आणि डॉक्टरांची मनाई नसेल, तर डाळ, दूध, अंडे पोटात जाऊ द्या. जखम त्यानेच भरते.

शेवटी एक सूचना. घरात आजारी माणूस असले की एकट्या सुनेला दर दोन तासांनी उठणे होत नाही. आपल्या मंडळातल्या दोघी-दोघींनी आळीपाळीने दुपारी अशा घरी जावे, कूस बदलायला हात द्यावा आणि घरच्या बाईला घटकाभर निजू द्यावे. सासूबाई आता काठी घेऊन गॅलरीत फिरतात. पहिले नाव माझे लिहा, असे मी त्यांना विचारूनच सांगते आहे.