शाळेचें दप्तर

मृग नक्षत्र लागलें कीं परळच्या पदपथांवर छत्र्यांच्या शेजारीं दप्तरांच्या माळा लटकूं लागतात. महाराष्ट्रांतील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि मुंबईंत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास येतो. नवें दप्तर आणि पहिला पाऊस यांची गांठ अशी दरसाल पडते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. चाळींतील पुष्कळ घरांना मात्र जूनचा हिशेब अद्यापि दोनदां मांडावा लागतो. अशा घरांत तीन मुलें शिकत असलीं, तर काय घ्यावें यापेक्षां काय घेऊं नये हा प्रश्न मोठा.

बाजारांत जाण्यापूर्वीं घरांतील फडताळ उघडावें. गतवर्षींच्या वह्यांतील कोरीं पानें सोडवून दोऱ्यानें शिवलीं, कीं कच्च्या कामाची वही तयार होते. कंपासपेटींत बहुधा एखादा गुण्या किंवा कोनमापकच हरवलेला असतो. तेवढाच विकत घ्यावा. पहिली ते आठवीच्या मुलांस सरकारी व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकें विनामूल्य मिळतात, आणि महानगरपालिकेच्या शाळांतून २७ शालेय वस्तू देण्याची योजना आहे. शाळेंतून काय मिळणार याची चौकशी आधीं केली, तर एकाच वस्तूवर दोनदां खर्च होत नाहीं.

दप्तर निवडतांना रंगापूर्वीं वजन पाहावें. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर-धोरणाप्रमाणें पहिली ते दहावीच्या मुलाचें दप्तर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड असूं नये. पहिलीपूर्वींच्या वर्गांस तर दप्तरच नको. मूल वीस किलोचें असेल, तर दोन किलो ही मर्यादा झाली. एक लिटर पाण्याचें वजनच एक किलो भरतें! म्हणून लहान मुलास अर्ध्या लिटरची बाटली पुरे. पट्टे रुंद व दोन्ही खांद्यांवर घेण्याजोगे असावे. एका खांद्यावरचें दप्तर मुलास एका बाजूस वांकवितें.

पहिली-दुसरीच्या मुलास पाटी, जाड पेन्सिल व साधें खोडरबर एवढें पुष्कळ झालें. फळांच्या वासाचीं रबरें तोंडांत जातात, तीं टाळावींत. डबा विकत घेण्यापूर्वीं तो मुलाकडूनच उघडवून पाहावा. ज्याचें झांकण त्याला निघत नाहीं, तो डबा मधल्या सुटींत त्याला उपाशी ठेवतो.

पांचवी ते सातवीच्या मुलांस दोनशेंऐवजीं शंभर पानी वह्या द्याव्या. वही भरली कीं दुसरी काढावी. पाठीवरचा भार कमी होतो. वेळापत्रक दप्तराच्या झांकणास आंतून चिकटवावें आणि रात्रीं मुलानें स्वतःच दप्तर भरावें. हिंदमाताच्या चौकांतून पावसांत जाणाऱ्या मुलाचीं पुस्तकें एका जाड, बंद होणाऱ्या पिशवींत घालून मगच दप्तरांत ठेवावींत. नुसत्या कापडी आच्छादनावर विसंबूं नये.

नववी-दहावीचीं मुलें स्वतः हिशेब करूं शकतात. त्यांच्या हातीं ठरावीक रक्कम देऊन निवड त्यांच्यावर सोंपवावी. एकाच जातीचीं तीन-चार लेखण्या घेऊन वर्षभर त्यांनींच लिहिलें, तर परीक्षेच्या दिवशीं हात अडखळत नाहीं. वरच्या वर्गांत गेलेल्या शेजारच्या मुलाचीं पुस्तकें घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र अभ्यासक्रम बदललेला नाहीं ना, हें आधीं पाहावें.

ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. या संस्थेनें परळ भागांत कामगारांसाठीं रात्रींचे वर्ग चालविले. आजहि जे दिवसा नोकरी करून रात्रीं शिकतात, त्यांस कामाच्या पिशवींत मावेल अशी एकच जाड वही व दोन लेखण्या अधिक उपयोगी. विषयांचे भाग कागदाच्या खुणांनीं वेगळे करावे.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. थोरल्याला नवें आणि धाकट्याला उतरलेलें, ही घराघरांतली जुनी रीत आहे. काटकसरीसाठीं ती पाळावी लागली, तरी धाकट्याला निदान एक वस्तू, मग ती छत्री कां असेना, कोरी घ्यावी, आणि तिच्यावर त्याचें नांव त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें. शाळेची पायरी चढतांना हातांत स्वतःचें म्हणण्याजोगें कांहीं असलें, कीं पाऊल जरा लवकर उचलतें.