गरगाऊनचे कपडे आणि आजीच्या लुगड्याचा काठ

 मी हिद्दहून बोलते आहे. बहारीनबाहेरच्या मंडळींसाठी सांगते, हिद्द म्हणजे मुहर्रक बेटाच्या दक्षिण टोकाचं जुनं मासेमारीचं गाव. आता गावाच्या पलीकडे समुद्रात भराव घालून मोठं बंदर झालंय, कारखाने आलेत, जहाजं दुरुस्त करायची गोदी आहे. माझे मिस्टर त्या गोदीतच पाळीवर असतात. पण जुन्या गावातल्या गल्ल्या अजून गल्ल्याच आहेत, आणि शेजारपण तसंच टिकून आहे.

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांचे फोटो यायला लागतात. मुलं भूत झालेली, भोपळा झालेली, हातात गोळ्या-चॉकलेटची पिशवी. मग आमची मुलंही विचारतात, आपण कधी? मी त्यांना सांगते, अरे, आपल्याकडे गरगाऊन आहे की! रमजानच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी, रोजा सुटल्यावर, इथली मुलं नटूनथटून गाणी म्हणत दारोदार जातात. घराघरातून त्यांना शेंगदाणे, अक्रोड, पिस्ते, गोळ्या मिळतात. कोकणातल्या श्रोत्यांना शिमग्यात घरोघरी फिरून मागायचं पोस्त आठवेल. भोंडल्यात रोज कुणाच्या तरी घरची खिरापत ओळखायला जायचो, तेही आठवेल. मुलांनी शेजाऱ्यांच्या दारात जावं आणि रिकाम्या हाताने परत येऊ नये, ही हौस सगळीकडे सारखीच आहे.

आज मला सांगायचंय ते या दिवसासाठी घरच्या सगळ्यांचे कपडे घरी कसे शिवायचे ते. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण मी शिवायला लागले ती त्या चुकीमुळे.

2022 साली आमचा धाकटा चार वर्षांचा होता. मी बाजारातून त्याला तयार झगा आणला, डोक्याला रुमाल बांधला आणि काजळाने मोठी दाढी-मिशी काढली. आपल्या वेशभूषा स्पर्धांमध्ये ‘अरब शेख’ म्हणून करतात ना, अगदी तसं. आम्ही शेजारच्या बहारिनी आजींच्या दारात गेलो. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. पिशवीत मूठभर दाणे घातले. मग खाली वाकून आपल्या ओढणीच्या टोकाने त्याची हनुवटी पुसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “अब अच्छा. बच्चा है.”

मला घरी येईपर्यंत कळलं नाही, मग कळलं. आपल्या गणपतीत कुणी परदेशी माणूस धोतर नेसून आला तर आपल्याला आनंदच होतो. पण तोच नाकावर चश्मा आणि खोटं पोट लावून ‘भटजी’ बनून आला तर? झगा म्हणजे इथल्या माणसांचा रोजचा, इज्जतीचा कपडा. तो अंगात घालावा, पण त्याचं सोंग करू नये. तेव्हा श्रोतेहो, पहिली गोष्ट ही: भूत, भोपळा, राक्षस यांची सोंगं खुशाल करा. गरगाऊनला मात्र कपडे शिवा आणि शेजाऱ्यांना विचारून शिवा.

पुढच्या वर्षी मी आधीच त्या आजींकडे गेले. मुलीसाठी काय शिवू, म्हणून विचारलं. त्यांनी कपाटातून त्यांच्या लहानपणचा बुखनग काढला. बुखनग म्हणजे मुलींनी डोक्यावरून घ्यायचं पातळ काळं वस्त्र. चेहऱ्याभोवती आणि पुढे छातीवरून खाली सोनेरी भरतकाम असतं. मी त्या कामावर बोट ठेवलं आणि विचारलं, याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, “ज़री.”

मी म्हटलं, आम्हीही जरीच म्हणतो! त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, येणार कुठून दुसरीकडून, मुंबईहूनच यायची. खरंच आहे ते. इथले मोत्यांचे व्यापारी मोती विकायला मुंबईला जात आणि येताना कापड, तांदूळ, लाकूड घेऊन येत. 1965 मध्ये बहारीनचा दिनार आला, तोवर इथे रुपया चालायचा. दहा रुपयांना एक दिनार असा तो बदलून दिला. ‘जर’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ सोनं. तो त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला.

आजींनी मला कुरारही दाखवला. जरीच्या दोऱ्यांचे फासे बोटांत अडकवून बाकीच्या बायका समोर बसतात, बोटांवरचे दोरे अदलाबदल करत गोफ विणतात, आणि शिवणारी तो गोफ तिथल्या तिथे कापडावर टाचत जाते. एकटीने व्हायचं काम नाही ते. मुहर्रकला ‘कुरार हाऊस’मध्ये ही कला जपली आहे. मोत्यांच्या वारशाच्या त्याच जुन्या मुहर्रकला 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. बहारीनमध्ये असाल तर मुलींना घेऊन एकदा नक्की जा.

आता माझ्यापुढचा प्रश्न. बाजारात मिळते ती सोनेरी लेस प्लॅस्टिकची, मानेला टोचते. आणि माझ्याकडे आईचं नारायणपेठी लुगडं होतं. आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती. लुगडं घडीवर विरलं होतं, अंगात बोट घातलं तर आरपार जात होतं. काठ मात्र चांगले होते. मी मावशीला फोन करून म्हटलं, काठ काढून घेऊ का? मावशी साताऱ्याला असते. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ताईचं लुगडं कापून त्यांच्या सणाला? आपल्या पाडव्याला पोरगी फ्रॉकमध्ये, आणि त्यांच्याकडे जायला जरीकाठ?”

खरं सांगते, उत्तर सुचलं नाही. कारण तिचं म्हणणं खरं होतं. पाडव्याला मुलगी फ्रॉकमध्येच असायची आणि त्याचा दोष माझाच होता.

ते साल होतं 2023. कॅलेंडर काढून पाहिलं. गुढीपाडवा 22 मार्चला, रमजान सुरू 23 मार्चला. गरगाऊन 5 एप्रिलला संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आपली चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती. चंद्र एकच ना! आपण मध्ये अधिक महिना घालून सूर्याशी मेळ घालतो. त्यांच्यात तो नसतो, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पण कुठल्याही ऋतूत आला तरी गरगाऊन येणार पौर्णिमेच्या आसपासच. त्या वर्षी दोन्ही सण पंधरवड्यात आले होते. मग ठरवलं: काठ काढायचा, पण कायमचा कशालाच शिवायचा नाही. आधी पाडव्याला परकराला लावायचा, मग उसवून बुखनगाला. मावशीला तसं सांगितलं. ती म्हणाली, “उसवता येईल असं शीव मग. मशीन मारू नकोस.”

आता लिहून घ्या. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, उंची एकशे वीस सेंटिमीटर. त्या मापाने सांगते, तुम्ही आपल्या मुलांची मापं घ्या.

काठ काढताना लुगड्याचं एक बोटभर कापड काठाला राहू द्या, तेच आत दुमडायला लागतं. सव्वा मीटरचे दोन तुकडे घ्या. परकराचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग सव्वा-सव्वा मीटर घेराचे करा, म्हणजे दोन्ही काठांचे जोड बरोबर बाजूच्या शिवणीत येतात. काठ हाताने धावदोऱ्याने लावा. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, दोरा सुती आणि एकेरी. उसवताना दोरा कापायचा, ओढायचा नाही. ओढला की जर तुटते. इस्त्री उलट्या बाजूने, वर कापड ठेवून.

बुखनगाला काळं जॉर्जेट सव्वा मीटर घ्या, पन्हा एकशे दहा सेंटिमीटरचा. सव्वा मीटरची बाजू चेहऱ्याकडे. आपण डोक्यावरून पदर घेतो तसं मुलीच्या डोक्यावर ठेवून पाहा: कडा कपाळावरून दोन्ही गालांशी येते, हनुवटीखाली जुळते आणि पुढे कमरेपर्यंत उतरते. मागे ते गुडघ्याच्या आसपास येतं. म्हणजे काठाचा एक सरळ तुकडा त्या कडेला पूर्ण बसतो. गोलाई नाही, कापाकापी नाही. आधी काठ लावा, मग हनुवटीपासून खाली दोन्ही कडा एकमेकींना शिवा.

इथे माझी फजिती झाली. मी चेहऱ्याच्या मापाने तोंड ठेवलं, शेहेचाळीस सेंटिमीटर. सुंदर दिसत होतं, पण डोकं काही आत जाईना. जॉर्जेट ताणत नाही आणि काठ तर मुळीच नाही. तेव्हा मापाची टेप चेहऱ्याभोवती धरू नका, डोक्याच्या घेराला धरा. नाहीतर मी केलं तसं करा: हनुवटीखाली चार बोटं उसवा आणि तिथे हूक लावा. घालताना उघडायचा, घातल्यावर लावायचा.

आत घालायचा झगा सगळ्यात सोपा. दोन मीटर सुती कापड खांद्यावर आडवं दुमडा, बाह्या त्यातच कापा, बगलेत गोलाई द्या, दोन बाजूंच्या शिवणी मारा, गळा कापा. काठाचा दुसरा तुकडा गळ्याला आणि बाह्यांना लागतो. मोठ्या बाईच्या झग्यालाही हीच रीत, फक्त कापड साधारण तीन मीटर घ्या. मुलाच्या पांढऱ्या झग्याला आपल्या सदऱ्याचाच नमुना घ्या आणि घोट्यापर्यंत लांबवा. ‘सदरा’ शब्दही अरबीतल्या ‘सद्र’वरून, म्हणजे छाती. झगा पांढऱ्या बेडशीटचा केला तरी चालतो. जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, मुलं जिन्यात धडपडतात.

घरातले पुरुष म्हणतात, आम्हाला काय? त्यांना घोडा करा. गोव्यात शिगम्याला डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी करतात, लाकडी घोड्याचं तोंड कमरेला बांधून नाचतात. बहारीनमध्येही असाच खेळ आहे, त्याला फरीसा म्हणतात: सांगाड्यावर कापड घालून केलेला घोडा अंगावर चढवून नाचायचं. आमच्याकडे फ्रिजचं खोकं होतं. मधे कमरेएवढं भोक, दोन पट्टे खांद्यावरून, खाली जुन्या चादरीची झालर. मिस्टर पाळीवरून येऊन तसेच घोड्यात शिरले. आमच्या गल्लीत त्या रात्री सगळ्यात जास्त फोटो त्या घोड्याचे निघाले.

एक सूचना मात्र मनावर घ्या. सिंथेटिक कापड पेटलं की अंगाला चिकटतं. ब्रिटनमध्ये असे तयार पोशाख कायद्याने खेळण्यांत मोडतात, म्हणून मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना असलेला आगीबाबतचा कडक नियम त्यांना लागत नाही. तेव्हा पोशाख विकतचा असो वा घरचा, मेणबत्ती नको, पणती नको, बॅटरीचे कंदील द्या. आत सुती कपडा हवाच. आणि गाड्या अरुंद गल्लीतून येतात. मिस्टरांच्या जुन्या गोदीतल्या जॅकेटची चमकणारी पट्टी मी बुखनगाच्या मागच्या खालच्या कडेला लावली. काळं कापड रात्री अजिबात दिसत नाही, पट्टी लांबून दिसते.

पाच एप्रिलला आम्ही चौघं आजींच्या दारात गेलो. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, काठ बोटांत धरला, उलटून मागचे टाके पाहिले. विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, माझ्या आईचं. त्या म्हणाल्या, टाके कच्चे का? मी सांगितलं, परत काढायचाय. त्यांनी मान हलवली. मग मुलीच्या पिशवीत दाणे घातले आणि एक मूठ वेगळी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ही तुझ्या आईची.

तो फोटो मावशीला पाठवला. तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. म्हणाली, “जोड पुढे दिसतोय. पुढच्या वर्षी बाजूला घे.” मी समजले.

तेव्हापासून तो काठ आमच्याकडे असाच फिरतो आहे. मुलगी उंच होते, परकर नवा, बुखनग नवा, काठ तोच. आता उसवायचं काम तिचंच आहे. दोरा ओढत नाही, कापते.

तुमच्याकडेही कपाटात असं एखादं लुगडं असेल. पूर्ण विरायच्या आत एकदा बाहेर काढून उजेडात धरा. काठ धड असेल तर सुई-दोरा घ्या. सण कुठलाही असो.